शिंगे दिसली म्हणजे पशुपती नव्हे

डावीकडे मोहेंजोदडोची मुद्रा, उजवीकडे डेन्मार्कच्या चांदीच्या भांड्यावरचा शिंगवाला देव आणि खाली ओळ : ‘युरोपातले केल्ट शिवभक्त होते, हा घ्या पुरावा!’ हे जोडचित्र कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतच असते. श्रावणात तर हटकून. दोन्ही चित्रे खरी आहेत. साम्यही आहे : बैठक, शिंगे, भोवती जनावरे. खोटा आहे तो निष्कर्ष.

आधी भांडे पाहू. १८९१ मध्ये डेन्मार्कमधल्या गुंडेस्ट्रुपजवळ, दलदलीतले पीट खणताना ते सुट्या पत्र्यांच्या रूपात सापडले. सुमारे नऊ किलो चांदीचे, ६९ सेंटीमीटर व्यासाचे हे घंगाळ आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अनेक अभ्यासकांच्या मते ते इ.स.पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातले, आग्नेय युरोपातल्या थ्रेसकडच्या कारागिरांनी घडवलेले आहे. त्यावरच्या देवाच्या अंगात रेघारेघांचा घट्ट पोशाख, कमरेला पट्टा. एका हातात टॉर्क, म्हणजे गळ्यात घालायचे कडे. दुसऱ्या हातात मेंढ्याच्या शिंगांचा साप. यातले मुद्रेवर काय आहे? कमरेचा पट्टा सोडला, तर काहीही नाही. शिंगेही वेगळी. मुद्रेवरची रेड्याची, जन्मभर टिकणारी. इथली सांबरशिंगासारखी फाटे फुटलेली, दरवर्षी गळून पुन्हा उगवणारी.

मग हा देव कोण? भांड्यावर एक अक्षरही कोरलेले नाही. ‘सर्नुनोस’ हे नाव आले पॅरिसहून. सम्राट टायबेरियसच्या काळात (इ.स. १४ ते ३७) सीन नदीवरच्या नावाड्यांच्या संघाने उभारलेल्या स्तंभाचे दगड अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नोत्र दामखाली सापडले. त्यातल्या एकावर दोन्ही शिंगांत टॉर्क अडकवलेला देव आहे आणि वर त्याचे नाव. पहिले अक्षर आता उरलेले नाही; जुन्या नोंदींत ते आहे. तेच नाव साम्यावरून भांड्यावरच्या देवाला देण्यात आले.

मुद्रेचीही तीच गत. ती चार हजार वर्षांहून जुनी. तिच्यावर लेख आहे, पण ती लिपी अजून सर्वमान्य रीतीने वाचता आलेली नाही. तिच्यावरची आकृती शिव-पशुपतीचे आद्यरूप आहे, हे जॉन मार्शल यांनी १९३१ मध्ये मांडलेले मत. डोरिस श्रीनिवासन यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे त्यावर सविस्तर शंका घेतल्या. म्हणजे हा ‘पुरावा’ उभा आहे तो एका अंदाजावर रचलेल्या दुसऱ्या अंदाजावर! दोन वस्तूंमध्ये जवळपास दोन हजार वर्षे आहेत. मधला एक तरी दुवा दाखवा म्हटले, की फॉरवर्ड करणारे गप्प.

भांड्याच्या दुसऱ्या पत्र्यावर हत्ती आहेत, हे मात्र खरे. पूर्वेकडच्या कल्पना कारागिरांबरोबर तिथवर गेल्या असतील, असे मानणारे अभ्यासकही आहेत. पण नक्षी प्रवास करते म्हणून तिच्याबरोबर देवही गेला, असे होत नाही.

आता सर्नुनोसबद्दलचे किरकोळ गैरसमज.

‘तो सैतान होता.’ पॅरिसचा स्तंभ ज्युपिटरला अर्पण केलेला आहे आणि तो उभा राहिला तेव्हा तिथे ख्रिस्ती धर्म पोहोचलाही नव्हता.

‘त्याची पूजा गुप्तपणे आजवर अखंड चालू आहे.’ आज शिंगवाल्या देवाला पूजणारा विक्का पंथ विसाव्या शतकातला. त्याला आधार देणारा, अशी पूजा गुप्तपणे टिकून राहिल्याचा मार्गारेट मरे यांचा सिद्धान्त इतिहासकारांनी केव्हाच मोडीत काढला आहे.

‘तो फक्त शिकारीचा देव.’ फ्रान्समधल्या रॅंसच्या शिल्पात तो अपोलो आणि मर्क्युरी यांच्या मध्ये बसून पिशवीतून धान्य किंवा नाणी ओततो आहे. शिकाऱ्यापेक्षा हा भरभराटीचा देव वाटतो.

‘त्याची मूळ कथा अशी आहे...’ अशी कथाच उरलेली नाही. केल्टांचे पुरोहित, म्हणजे ड्रुइड, आपली शिकवण लिहून ठेवत नसत, असे सीझरने नोंदवले आहे. तेव्हा सर्नुनोसची कथा कोणी रंगवून सांगू लागला, तर ती कोणत्या शतकात लिहिली गेली, एवढेच विचारा.