साध्या दिवसाचा फोटो

अमरावतीहून बडनेरामार्गे यवतमाळकडे निघालं की वाटेत नांदगाव खंडेश्वर लागतं. खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ गावाच्या नावातच आहे. इथला शिलालेख शके ११७७ चा, म्हणजे इसवी सन १२५५ च्या सुमाराचा, यादव राजा कृष्णाच्या काळातला. साडेसातशे वर्षांपूर्वीची ती नोंद दगडात टिकली. पण १९८५ सालच्या एखाद्या साध्या मंगळवारी याच गावात एसटीची वाट पाहत कोण उभं होतं, बाजारात भाजी कशावर मांडलेली होती, शाळेत जाणाऱ्या पोरींच्या हातात दप्तर होतं की कापडी पिशवी, हे दाखवणारं चित्र शोधून पाहावं. घरोघरच्या अल्बममध्ये लग्न सापडेल, बारसं सापडेल, शिर्डी-शेगावची सहल सापडेल. मंगळवार बहुधा सापडणार नाही.

याला कारण पैशाचं होतं. बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फाच्या क्लिक-३ या साध्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो निघत. पुढे छत्तीस फोटोंचा रोल घरोघरी आला, तरी तो धुवायचा आणि छापायचा खर्च होताच. बाराच फोटो काढायचे असतील तर कुणी दळण घेऊन चाललेल्या वहिनीचा फोटो काढत नाही; नवरदेवाचाच काढतो. छोट्या गावातल्या फोटो स्टुडिओचं अर्थकारणही याच प्रसंगांवर उभं राहिलं. सण, लग्न, परीक्षेच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो, आणि माणूस गेल्यावर भिंतीवर लावायला मोठा केलेला फोटो.

या स्टुडिओंनी जपलेला ठेवा किती मोठा आहे, ते मध्य प्रदेशातल्या नागदा या गावानं दाखवून दिलं. तिथं सुरेश पंजाबी यांनी १९७९ मध्ये ‘सुहाग स्टुडिओ’ सुरू केला. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफर पिन्नी नागद्यात अनेक वर्षं काम करत होते. त्यांनी पंजाबींच्या निगेटिव्ह अभ्यासल्या आणि २०१३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. गिऱ्हाइकाच्या हाती पडलेल्या कातरलेल्या प्रतीपेक्षा निगेटिव्हमध्ये बरंच जास्त उरलेलं असतं: पायातल्या चपला, मागचा पडदा, कडेला उभा राहिलेला कुणी. एका कारखानदारीच्या गावाचा चेहरामोहरा त्या उरलेल्या भागात सापडला. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावांतही असे स्टुडिओ होते, काही अजून आहेत. त्यांच्या माळ्यावरच्या निगेटिव्हचे डबे भंगारात जाण्याआधी कुणीतरी उघडून पाहायला हवेत. हे काम फार उशिरा होऊन चालणार नाही.

वऱ्हाडाच्या वाट्याला मात्र दुसऱ्याच एका प्रकारचे फोटो भरपूर आले. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या सुरू झाल्या तशा राजधानीतून गाड्या येऊ लागल्या, आणि एक चौकट ठरून गेली: दारात बसलेली बाई, तिच्या हातात नवऱ्याचा फ्रेममधला फोटो. त्या बातम्या होणं गरजेचं होतं, त्या फोटोंनी देशाचं लक्ष वेधलं. पण त्या बाईच्या हातातला फोटो एकदा नीट पाहावा. बऱ्याचदा तो लग्नाच्या ग्रुपमधून कापून काढलेला असतो किंवा एखाद्या फॉर्मच्या फोटोवरून मोठा केलेला; मागं स्टुडिओवाल्यानं निळा रंग भरलेला. जन्मभर शेतात राबलेल्या माणसाचा शेतातला फोटो घरात नसतो. रोजच्या जगण्याची नोंद नसणं म्हणजे काय, ते त्या निळ्या रंगात दिसतं.

अशी नोंद ठेवायची एक साधी रीत म्हणजे रोज एक फोटो. ही कल्पना तशी जुनी आहे आणि तिचं एक मूळ महाराष्ट्रातच सापडतं. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ करण्याआधी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर त्या रोपाची चित्रं टिपत राहिले. दिवसादिवसानं डोळ्यांना न जाणवणारी वाढ पडद्यावर सरसर दिसली. पुढे अमेरिकेत जेमी लिव्हिंगस्टन या तरुणानं ३१ मार्च १९७९ पासून पोलरॉइड कॅमेऱ्यानं रोज एकच फोटो काढला. हा नेम २५ ऑक्टोबर १९९७ ला, त्याच्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, कर्करोगानं तो गेला तोवर चालला. जेवणाचं टेबल, मित्र, खिडकी, आणि शेवटी दवाखान्याची खाट. त्यातला सुटा फोटो पाहून कुणी थांबणार नाही. ओळीनं पाहिले तर एक आख्खं आयुष्य समोर उभं राहतं.

छोट्या गावात राहून हे कसं करावं, याचं मराठी उदाहरण सिंधुदुर्गात आहे. इंद्रजित खांबे कणकवलीचे. रंगभूमीवर काम केलेला हा माणूस कॅमेऱ्याकडे वळला आणि मुंबई-पुण्याला न जाता आपल्याच गावात, आपल्याच घरच्या आणि आजूबाजूच्या माणसांत फोटो शोधत राहिला. दशावतारी कलावंतांच्या मागं तो रात्र-रात्र फिरला. त्याचं बरंच काम मोबाइलवरचं आहे, आणि ते जगभर पाहिलं गेलं. आणि वऱ्हाडात पाहायचं तर अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे आहेत. मुंबईतल्या सफाई कामगारांचं रोजचं काम त्यांनी वर्षानुवर्षं टिपलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांच्या कामात समान धागा एकच: त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाणं.

पण गावात नेमकं टिपायचं काय? या प्रश्नावर सर्वांत नेटकं उत्तर १९३६ मध्ये अमेरिकेत रॉय स्ट्रायकर यांनी तयार केलं. मंदीच्या काळात ते ग्रामीण पुनर्वसनाचं काम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख होते. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स ही मंडळी त्यांच्या हाताखाली काम करत. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी बोलल्यावर स्ट्रायकरांनी छायाचित्रकारांसाठी छोट्या गावाची एक टिपणवही बनवली. संध्याकाळी घरात काय चालतं, भिंतींवर काय टांगलेलं असतं, लोक कुठं भेटतात, पैसेवाले कुठं आणि गरीब कुठं, असे प्रश्न त्यात होते. त्यातला सर्वांत तीक्ष्ण प्रश्न असा होता की बायकांना भेटायला पुरुषांइतक्या जागा आहेत का.

हा प्रश्न नांदगावात जसाच्या तसा विचारता येतो. पुरुषांच्या जागा पटापट सांगता येतील: पानठेला, चहाची टपरी, कृषी केंद्राचा बाक, सलून, पार. बायका कुठं भेटतात? गिरणीवर, नळावर, बचत गटाच्या बैठकीला, दवाखान्याच्या रांगेत, भुलाबाईच्या गाण्यांना, आणि सर्वांत जास्त वेळ शेतात. म्हणजे कामात असताना. महिनाभर ठरवून या जागा टिपल्या तर गावाची रचनाच समोर येईल. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत बायकांच्या कष्टांचे फोटो काढले आणि त्यांचं प्रदर्शन गावोगाव फिरवलं, त्यामागचा हेतूही हे न दिसणारं काम दाखवण्याचा होता. २०१४ मध्ये त्यांनी उभ्या केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण संग्रहात आज मराठीतही असं साहित्य वाचायला मिळतं.

कापूस वेचणीच्या दिवसांतलं एकच दृश्य घेऊ. हंगामाच्या पहिल्या वेचणीला शेतात सीतादही होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो. मग बाया ओळीनं पऱ्हाटीत शिरतात. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, कमरेला ओटी. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटं ओरबाडली जातात. संध्याकाळी काट्यावर वजन होतं आणि मजुरी किलोमागं ठरते. या दृश्यात नोंदवण्यासारखं काय नाही? शर्ट कुणाचा, काटा तराजूचा की डिजिटल, तुरीची ओळ किती पट्ट्यांनंतर येते, सोबत लहान पोर आहे की नाही. दहा वर्षांनी यातली प्रत्येक बाब बदललेली असेल, आणि बदल कधी झाला हे फोटोवरच्या तारखेवरून कळेल.

वऱ्हाडानं या बाबतीत आधीच पुष्कळ गमावलं आहे. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली. खरेदी केंद्रासमोर कापसाच्या बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागत, माणसं बंडीखाली झोपत, बैलांना तिथंच कडबा टाकत. एका पिढीच्या तोंडी हे अजून आहे, पण फोटोत फार थोडं. सोयाबीन आलं, ज्वारी मागं हटली, आणि खळी व कडब्याच्या गंज्या कधी दिसेनाशा झाल्या ते कुणी टिपलं नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झालं, १९२३ पासून धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. इंजिनाचे फोटो शौकिनांनी हौसेनं काढले. डब्यातल्या बाजारकरूंचे फोटो कुठं आहेत? आता समृद्धी महामार्ग नांदगाव खंडेश्वर तालुक्यातूनच गेला आहे. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. त्याच्या कडेची शेतं, पांदण रस्ते, गुराख्यांच्या वाटा आज जशा आहेत तशा राहणार नाहीत.

कृतीला फार काही लागत नाही. खिशातला फोन पुरतो. एक जागा ठरवायची, एक वेळ ठरवायची आणि चिकाटी धरायची. मे महिन्यात इथलं ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जातं. भर दुपारी चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात, म्हणून सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीआधी निघालेलं बरं. कापसाच्या ढिगापुढं फोन हमखास फसतो. पांढऱ्याला पाहून तो उजेड कमी करतो आणि माणूस काळाठिक्कर येतो. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड थोडा वाढवला की चेहराही दिसतो.

तंत्रापेक्षा अवघड आहे ते माणसांशी वागणं. “फोटू काहून काढून राह्यला बापू?” हा प्रश्न येणारच, आणि त्याला सरळ उत्तर देता आलं पाहिजे. विचारून काढावा, नको म्हटलं तर फोन खिशात घालावा, काढलेला फोटो दाखवावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याची छापील प्रत नेऊन द्यावी. प्रत हाती पडली की तिसऱ्या दिवशी माणूस स्वतःहून सांगतो की उद्या शेतात भुईमूग काढायचा आहे, ये. गावातलाच माणूस हे करू शकतो, कारण तो दुसऱ्या दिवशीही तिथंच असतो. बाहेरून आलेल्या पत्रकाराची संध्याकाळची गाडी ठरलेली असते.

राहतो साठवणीचा प्रश्न, आणि खरी गळती इथंच होते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, आणि त्याच्या पोटातली तारीख-वेळेची माहितीही गळून पडते. फोन हरवला की वर्ष हरवतं. म्हणून मूळ फोटो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत, आणि महिन्याकाठी निवडक दहा-बारा कागदावर छापून घ्यावेत. मागच्या बाजूला पेन्सिलीनं चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, जागा, माणसाची परवानगी असेल तर नाव, आणि काय चाललं होतं. ‘गावाकडची सकाळ’ असं लिहिलेल्या फोटोचा पुढच्या पिढीला काही उपयोग नाही. ‘दुसरी वेचणी, पूर्वेकडचा धुरा’ असं लिहिलेल्याचा आहे.

ही पाकिटं कुणा एकाच्या कपाटात राहू नयेत. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानं गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. तालुक्याच्या वाचनालयात वर्षाचा एक अल्बम, शाळेच्या मुलांनी लावलेला, कुणालाही उघडून पाहता येईल असा, एवढं मागणं फार नाही. त्यासाठी एक कपाट लागेल, पावसाळ्यात ओल लागणार नाही अशी एक भिंत लागेल, आणि पुढच्या सोमवारी सकाळी साडेसातला एसटी स्टँडवर जाऊन उभा राहणारा कुणीतरी.