होईल किंवा होणार नाही, म्हणून निम्मी-निम्मी?

संभाव्यता म्हटलं की अनेकांना दहावीच्या पुस्तकातला ‘नमुना अवकाश’ आठवतो आणि घाम फुटतो. खरं तर हा मोजणीचा विषय आहे. आपल्याला हवे ते प्रकार किती आणि एकूण प्रकार किती, हे मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. अट एकच, मोजलेला प्रत्येक प्रकार सारख्या तोलाचा हवा. चूक होते ती भागाकारात क्वचित, मोजण्यात बहुतेकदा. एक टोपली, थोडी सफरचंदं आणि वर टाकलेला टॉवेल एवढ्या सामानावर पाच गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : सहा फळांतून दोन निवडायची, म्हणजे सहा पंचे तीस प्रकार.

वस्तुस्थिती : पंधराच. सफरचंद, केळं, पेरू, चिकू, डाळिंब, संत्रं यांतून पहिलं फळ सहा प्रकारे उचलता येतं आणि दुसरं पाच प्रकारे, हे खरं. पण त्या तिसांत सफरचंद-पेरू एकदा आणि पेरू-सफरचंद पुन्हा एकदा धरलं गेलं आहे. वाटीत आधी काय पडलं याच्याशी खाणाऱ्याला देणंघेणं नसतं, म्हणून निम्मे करायचे. मात्र एक फळ आजीला आणि एक आजोबांना द्यायचं असेल, तर कोणाला काय मिळालं हे महत्त्वाचं ठरतं आणि उत्तर तीसच येतं.

हा हिशेब आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त तो सहा रसांवर मांडला. ६, ५, ४, ३, २, १ असे उतरते आकडे लिहायचे, त्यांच्याखाली १ ते ६ चढते. मग वरच्याने गुणत आणि खालच्याने भागत पुढे जायचं. ६ भागिले १ म्हणजे ६. त्याला ५ ने गुणून २ ने भागलं की १५. त्याला ४ ने गुणून ३ ने भागलं की २०. पुढे १५, ६ आणि १. एकेक रस, दोन-दोन, तीन-तीन असे सगळे मेळ मिळून ६३. सुश्रुतसंहितेतही रसांचे ६३ भेदच सांगितले आहेत. याच ‘लीलावती’त, अंकपाश प्रकरणात, शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे देता येतील असाही प्रश्न आहे. तिथे कोणत्या हातात काय, यावरून मूर्ती बदलते. त्यामुळे आकडा थेट ३६,२८,८०० वर जातो.

गैरसमज २ : दोन लाल, दोन हिरवी सफरचंदं आहेत. न बघता दोन काढली तर ती एका रंगाची निघतील किंवा वेगळ्या. म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी.

वस्तुस्थिती : सफरचंदांना नावं द्या. ला१, ला२, हि१, हि२. जोड्या सहा होतात. एका रंगाच्या दोनच, ला१-ला२ आणि हि१-हि२. उरलेल्या चारही जोड्या मिश्र. म्हणजे वेगळे रंग निघण्याची शक्यता दोन तृतीयांश. दोन पर्याय आहेत म्हणून ते समान आहेत असं होत नाही. या खड्ड्यात मोठी माणसंही पडली आहेत. नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा पडण्याची शक्यता तीन चतुर्थांश असते. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी १७५४ मध्ये विश्वकोशातल्या लेखात ती दोन तृतीयांश असल्याचा युक्तिवाद केला. पहिल्यांदाच छापा पडला की खेळ संपला, असं म्हणून त्यांनी दोन प्रकारांचा एकच धरला होता.

गैरसमज ३ : आधी हात घालणाऱ्याचं नशीब वेगळं, शेवटच्याचं वेगळं.

वस्तुस्थिती : टॉवेलाखाली चार लाल आणि एक हिरवं सफरचंद. ज्याच्या हाती हिरवं येईल त्याच्यावर राज्य. पहिल्या मुलाची शक्यता एक पंचमांश, हे उघड आहे. दुसऱ्यावर राज्य यायला आधी पहिला सुटला पाहिजे (पाचात चार) आणि मग उरलेल्या चारांतून हिरवं निघालं पाहिजे (चारात एक). दोन्हींचा गुणाकार पुन्हा एक पंचमांशच. शेवटच्याचंही तेच. तेव्हा चिठ्ठ्या काढताना रांगेवरून भांडण्यात अर्थ नाही.

गैरसमज ४ : दहांत दोन आतून नासकी, म्हणजे प्रत्येकामागे २० टक्के धोका. पाच घेतली तर निदान एक नासकं येणारच.

वस्तुस्थिती : शक्यता अशा बेरजेनं वाढत नाहीत. तसं असतं तर सहा सफरचंदांना १२० टक्के धोका झाला असता! दहांतून पाच निवडण्याचे प्रकार २५२. आठ चांगल्यांतून पाच निवडण्याचे ५६. म्हणजे पाचही चांगली निघण्याची शक्यता नवात दोन, आणि निदान एक नासकं येण्याची सुमारे ७८ टक्के. धोका मोठा आहे, पण खात्री नाही. ‘निदान एक’ असं विचारलं की ‘एकही नाही’ मोजून एकातून वजा करणं सोपं जातं.

गैरसमज ५ : चार वेळा काटा पडला, आता छापाच पडणार.

वस्तुस्थिती : नाण्याला मागचं काही आठवत नाही, पाचव्यांदाही शक्यता निम्मीच. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर काळा रंग सलग २६ वेळा आला आणि ‘आता लाल येणारच’ म्हणून पैसे लावत गेलेले खेळाडू बुडाले. टोपलीचं मात्र तसं नाही. काढलेलं सफरचंद परत ठेवलं नाही, तर टोपलीत काय उरलं ते बदलतं आणि शक्यताही बदलते. लाल जितकी बाहेर येतील, तितका हिरव्याचा संभव वाढतो. म्हणून हिशेबाआधी विचारायचं, काढलेलं परत ठेवलं का?

पटत नसेल तर आज घरीच करून पाहा. दोन लाल, दोन हिरवी सफरचंदं टॉवेलाखाली ठेवा, न बघता दोन काढा, रंग लिहा, परत ठेवून ढवळा. असं तीस वेळा. मिश्र जोड्या विसाच्या आसपास येतील. नेमक्या वीसच आल्या नाहीत तर टोपलीवर रागावू नका. नेमक्या वीस येण्याची शक्यता सुमारे १५ टक्केच आहे, आणि तीसुद्धा मोजूनच काढलेली.