‘सोडली’ की ‘गेली’?

मराठीत नोकरी दोन प्रकारे संपते. एक तर आपण ती ‘सोडतो’, नाहीतर ती ‘जाते’. कॉर्पोरेटवाल्यांनी यातलं दुसरं क्रियापद डिक्शनरीतूनच काढून टाकलंय. तिथे ‘राइटसायझिंग’ असतं, ‘रिस्ट्रक्चरिंग’ असतं, फार तर ‘युअर रोल इज इम्पॅक्टेड’ असतं. म्हणजे धक्का बसतो तो रोलला, माणूस आपला ठणठणीत! आणि तो ठणठणीत माणूस घरी येऊन सांगतो, ‘जरा ब्रेक घेतलाय.’

माझी गेली. फेब्रुवारी २०२३. हिंजवडीतली बऱ्यापैकी मोठी कंपनी, टेस्टिंगमध्ये नऊ वर्षं, शेवटची तीन टीम लीड म्हणून. आदल्याच महिन्यात गुगलने जगभरात १२ हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं होतं आणि आम्ही कॅन्टीनमध्ये चहा पीत ‘बिच्चारे’ म्हणत होतो. मग एका मंगळवारी कॅलेंडरवर ‘क्विक कॅच-अप’ असं पंधरा मिनिटांचं आमंत्रण आलं. क्विक होतंच ते, अकरा मिनिटांत संपलं. संध्याकाळपर्यंत मेल बंद, चौथ्या दिवशी कुरिअरवाला लॅपटॉप न्यायला हजर. तेही चाललं असतं. पण टीमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, जिथे रोज सकाळी कुणीतरी फुलाचा फोटो टाकायचंच, तो एकदम गप्प झाला. मला वगळून नवा ग्रुप निघाला होता.

पहिला आठवडा चक्क सुट्टीसारखा गेला. झोप काढली, माळे आवरले, दोन महिन्यांच्या पगाराचं पॅकेज होतं म्हणून टेन्शनही बेताचंच. खरी मजा दुसऱ्या सोमवारी. ७.४०च्या कॅबसाठी नऊ वर्षं सहाला उठणारं शरीर त्या दिवशीही सहालाच उठलं. आंघोळ झाली, चहा झाला, सात वाजले... आणि पुढे? पुढे काहीच नाही! वेळच वेळ, आणि तरी गॅसचा नंबर लावायचं एक साधं काम संध्याकाळपर्यंत होत नव्हतं.

हे माझंच होतंय असं वाटत होतं, पण तसं नव्हतं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं एक गाव आहे. १९३०च्या सुमारास तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला आणि १९३३ साली तो पुस्तकरूपात आला. त्यांनी काय केलं, तर खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं किती वेगाने चालतात हे घड्याळ लावून मोजलं. पुरुष रमतगमत, मध्येमध्ये थांबत चालत होते. घरकाम काही सुटलेलं नव्हतं, म्हणून बायका मात्र झपझप. गावच्या लायब्ररीची फी माफ झाली, तरी पुस्तकं नेणारे कमी होत गेले. वाचायला वेळ होता, पण वाचावंसं वाटत नव्हतं. याहोडाने पुढे मांडलं ते मला आजही पटतं: नोकरी पगार देते, आणि त्याच्या आड गुपचूप दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसं देते, चार जणांबरोबर मिळून काहीतरी करतोय ही भावना देते, आणि ‘काय करता?’ या प्रश्नाला उत्तर देते. पगार गेल्याचं सगळ्यांना कळतं. बाकीचं गेलेलं फक्त आपल्याला जाणवतं, आणि तेही नीट सांगता येत नाही.

‘जेवलीस का?’

सांगायचं कुणाला, हा तर मोठाच प्रश्न. नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. सासूबाईंना दुसऱ्या दिवशी. ‘बरंच झालं गं, आता जरा घरात लक्ष देता येईल,’ त्या म्हणाल्या. मायेनेच म्हणाल्या, पण मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाईची नोकरी गेली की लोक तिला सुट्टी समजतात! पुरुषाचं उलटं. माझ्याबरोबरच कमी केलेला एक सहकारी सात आठवडे रोज सकाळी बॅग पाठीला लावून घराबाहेर पडत होता आणि मॉलच्या फूडकोर्टमध्ये बसत होता. बायकोला पत्ता नाही. दोघांत जास्त थकवणारं काय, मला ठरवता येत नाही.

माझे मोठे काका लालबागचे. गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले एक. संप मागे घेतल्याचं कधी जाहीर झालंच नाही, आणि काका पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. मी फोनवर सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, ‘जेवलीस का?’ मग म्हणाले, ‘आमच्यात अख्ख्या चाळीचं एकदम गेलं. लपवायचं कुणापासून? तुमच्यात एकेकट्याचं जातं. ते वाईट.’

चाळीतलं ते दिवस गोड होते असं मुळीच नाही. भांडी गहाण पडली, कितीतरी कुटुंबं कोकणात, घाटावर परत गेली. पण दारात उभं राहून ‘आज कामावर नाही गेलात?’ असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. आमच्या वाकडच्या सोसायटीत लिफ्टमध्ये रोज विचारतात. ‘आज वर्क फ्रॉम होम वाटतं?’ तिसऱ्या आठवड्यात मी सातव्या मजल्यावरच्या काकूंना सरळ सांगून टाकलं, ‘नाही हो, नोकरी गेली माझी.’ काकू दोन मजले गप्प होत्या. पाचव्यावर म्हणाल्या, ‘आमच्या मुलाचीही गेलीये. कुणाला बोलले नाहीये.’

वीस मिनिटं, पाच दिवस

लिहिण्याचा उपाय मला एका मैत्रिणीने सुचवला. तेव्हा थट्टा वाटली, पण त्यामागे चांगला प्रयोग आहे. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी नोकरी गेलेल्या ६३ व्यावसायिकांवर तो केला, १९९४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने रोज वीस मिनिटं, पाच दिवस, नोकरी गेल्याबद्दल मनात येईल ते लिहायचं. दुसऱ्याने वेळेचं नियोजन लिहायचं. तिसऱ्याने काहीच नाही. नोकरी शोधायची धडपड सगळ्यांची साधारण सारखीच, पण मनातलं लिहिणाऱ्यांना नोकऱ्या लवकर मिळाल्या. बहुधा आधीच्या कंपनीवरचा राग कागदावर सांडला, इंटरव्ह्यूत नाही! मी लिहिलं. पहिले तीन दिवस नुसत्या शिव्या होत्या, छापता येणार नाहीत. चौथ्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की मला ते काम गेली दोन वर्षं आवडतच नव्हतं.

पैशाचंही तसंच. ईएमआय, शाळेची फी, गंगाजळी असं सगळं आम्ही दोघांनी एका कागदावर मांडलं. आकडा वाईटच होता, पण रात्री दोन वाजता डोक्यात फिरायचा त्याच्यापेक्षा लहान होता.

आणि हो, झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तिथे वही पुरत नाही. डॉक्टरकडे जा. ‘टेली मानस’ ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ वर, मोफत, मराठीतही बोलता येतं.

सहा महिने लागले मला. त्या काळात ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असे मेसेज पोत्याने आले. ‘काही लागलं तर सांग’ त्याहून जास्त. काय लागतं तेच तर कळत नसतं ना त्या माणसाला! तुमच्या ओळखीत कुणाची गेली असेल, तर माझ्या एका मैत्रिणीचा मेसेज बिनधास्त ढापा. तिने लिहिलं होतं, ‘सीव्ही आत्ता पाठव, जसा असेल तसा. आणि रविवारी नऊ वाजता खाली ये, मिसळ खायला जातोय. गाडी माझी.’