धरण पाडले, नदी वळवली

धरणे बांधल्याच्या गोष्टी आम्ही वर्गात नेहमी सांगतो. या खेपेस पाडलेल्या धरणाची सांगितली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कार्मेल नदीवर १९२१ साली सॅन क्लेमेंटे हे सुमारे ३२ मीटर उंचीचे धरण झाले. पुढे जलाशय गाळाने भरला. भूकंपात किंवा महापुरात भिंत फुटली तर खालच्या वस्तीचे काय, ही चिंता होतीच.

स्टीलहेड मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. धरणाला माशांसाठी पायऱ्या होत्या, पण चढायला कठीण. भिंत काढावी, तर गाळ खाली जाऊन पात्र उथळ होणार आणि पूर वाढणार! मग गाळ जागीच ठेवून नदीच शेजारच्या ओढ्यात वळवली. (ही युक्ती आम्हांस फार आवडली.) नव्या वाटेत दगड रचून लहान लहान डोह केले, म्हणजे मासा दम घेत वर जाईल. २०१५ मध्ये भिंत गेली. २०१७ च्या पुरांनी बरेच दगड हलवले, तरी वाट बंद झाली नाही.

आपल्या नदीवर जुने बंधारे कुठे आहेत, याचा नकाशा आठवीची मुले करीत आहेत. घरातील वडीलधाऱ्यांनी आठवेल ते सांगावे.