पाच खडे आणि दहा बोटं

सकाळी सहाचा गजर वाजतो आणि तो बंद करायला बोटंच वळत नाहीत! हँगओव्हर नाही हो, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. म्हणजे आमवात. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, तो. तिशीच्या आत? हो. ‘हा तर म्हाताऱ्यांचा आजार!’ असं ऑफिसात इतक्यांनी ऐकवलंय की आता मी नुसती हसते.

आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी लागू पडली, सूज उतरली. मग रिहॅब सुरू झालं. मेणाचा शेक, बोटांचे व्यायाम, मनगटाला स्प्लिंट. दर वेळी एक यंत्र मुठीत दाबायचं. ‘ग्रिप वाढली, गुड!’ आकडा वाढत होता, पण दुपारी तीनला माझी बॅटरी डाऊन व्हायची ती व्हायचीच. (ही झोप नव्हे, झोपून हा थकवा जात नाही.) फॉर्मवर त्याला रकानाच नव्हता.

ही तक्रार माझी एकटीची नाही, हे नंतर वाचलं. सांध्यांच्या आजारांत नेमकं काय मोजायचं, हे ‘ओमेरॅक्ट’ ही तज्ज्ञांची परिषद ठरवते. २००२ साली ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टला, तिनं पहिल्यांदाच पेशंटना चर्चेला बसवलं. पेशंट म्हणाले, दुखण्याचं ठीक, पण थकव्याचं काय? तज्ज्ञांच्या ठरलेल्या यादीत तो नव्हताच! पुढे तोही मोजायचा असं ठरलं.

हे थेरपिस्टबाईंना सांगितलं. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. “तुम्हाला नक्की काय करायचंय?”

“येरमाळ्याला जाऊन खडे वेचायचेत.”

येरमाळा आमचं गाव, धाराशिव जिल्ह्यातलं. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून आमराईत येते, भाविक चुनखडीचे खडे वेचतात. आमच्या घरी माणशी पाच. आजीला हाच आजार होता. “वात हाय, चालायचंच” म्हणत तिनं बोटं वाकडी होऊ दिली. शेवटची वर्षं ती बांधावर बसून आम्हाला वेचताना बघायची.

मग टेबलावर राजमा आला, नंतर चिंचोके. चिमटीत जोर काढायचा नाही, मधे थांबायचं. यात्रेचं वेळापत्रकही आखलं: आदल्या दिवशीच पोचायचं, ताठरपणा उतरल्यावरच बाहेर पडायचं, डोंगर चढायचा नाही. देवीला खालूनच हात जोडले, समजून घेईल.

आई म्हणाली, “आगं, मी येचते की तुझे.”

“नको गं आई, माझे मीच.”

चार वेचले. पाचव्याला अंगठा ठणकला, तेव्हा मुकाट्यानं भाचीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून घरीच पडून राहिले, तीही आधीच मंजूर करून घेतलेली.

आता थेरपिस्टबाईंच्या फाईलमध्ये नवीन ओळ आहे: हेल्मेटचं बकल, एका हातानं.