काळ्या मातीवरचे शॉकअप

कुरुंद्याच्या शिवारातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ताही मग दरवर्षी तिच्याबरोबर थोडा वर, थोडा खाली होतो. त्यात टोकाई साखर कारखान्याचा हंगाम सुरू असला की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा मोडतात, चाकोऱ्या पडतात. वसमत तालुक्याच्या या भागात रस्ता दोन तऱ्हांनी खराब असतो. एक खड्डा, जो दिसतो आणि ज्याला सगळे शिव्या घालतात. दुसरी लांब, उथळ लाट. ती दिसत नाही म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, पण शॉकअपची खरी परीक्षा तीच घेते.

या रस्त्यावर स्कोडा ऑक्टाव्हिया पळवायची म्हटलं की गोष्ट रंगते. मराठवाड्याला ही गाडी परकी नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ साली स्कोडानं सुरुवात केली ती ऑक्टाव्हियानंच. २०१३ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत १.८ टीएसआय इंजिन १८० पीएस ताकद देतं. २०१७ मध्ये आलेली तिचीच वेगवान आवृत्ती व्हीआरएस तर २३० पीएसची. या गाड्या आता जुन्या बाजारात हळद-सोयाबीनवाल्या घरांच्या आवाक्यात आल्या आहेत. इंजिन अजून तगडं असतं, पण शॉकअप आणि रबरी बुश यांचं वय झालेलं असतं. अडचण अशी की शॉकअप एका दिवसात जात नाही. तो इतका हळूहळू ढिला पडतो की चालवणाऱ्याचा हातही त्याच्याबरोबर बदलत जातो, आणि गाडीत काही बिघडलंय हे मालकाच्या आधी मागच्या सीटवर बसलेल्या पाहुण्याला कळतं.

बॉनेट हातानं दाबून सोडायची चाचणी सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी दोन-तीनदा डोलली तर शॉकअप नक्की गेला, हे खरं. पण डोलली नाही म्हणून तो ठीक आहे असं मात्र नाही, कारण हाताचा दाब फार संथ असतो आणि अर्धा मेलेला शॉकअपही तेवढं सांभाळून घेतो. जाणता मिस्त्री म्हणूनच टायरवर तळहात फिरवतो. रबर गोलाईत एकसारखं न झिजता जागोजाग खोलगट झालं असेल, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारतंय. मग तो शॉकअपच्या नळीवर बोट लावतो. नुसता धुळीत मिसळलेला ओलसरपणा चालून जातो, पण तेल ओघळून खाली थेंब धरत असेल तर सील गेलं. शेवटी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी टेपनं मोजायचं. डावी-उजवी बाजू दहा मिलिमीटरनं वेगळी भरली, तर एखादी स्प्रिंग बसली आहे किंवा तिचा खालचा वेढा तुटला आहे. तुटलेला वेढा स्प्रिंग टेकते त्या बशीत लपून राहतो, म्हणून टॉर्च आत घालून पाहावं लागतं.

इथपर्यंतचं काम सरळ आहे. निवड पुढे सुरू होते, आणि ती स्प्रिंगपासून करावी लागते, कारण गाडीची उंची आणि वजन पेलणं स्प्रिंगकडे असतं. शॉकअप वजन पेलत नाही. स्प्रिंगमध्ये साठलेली हालचाल तेलात जिरवून तिची उष्णता करणं, एवढंच त्याचं काम. म्हणून बसलेली गाडी नव्या शॉकअपनं उठत नाही, आणि डोलणारी गाडी कडक स्प्रिंगनं शांत होत नाही. बाजारात या दोन्ही चुका सर्रास विकल्या जातात.

स्प्रिंग किती कडक, हे तिच्या तारेवर ठरतं. तारेच्या जाडीचा चौथा घात तिच्या कडकपणात येतो. बारा मिलिमीटरची तार तेरा केली, वेढे आणि व्यास तेच ठेवले, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. डोळ्याला न जाणवणारा एक मिलिमीटर! म्हणूनच ‘अशीच दिसते’ म्हणून दुसऱ्या गाडीची स्प्रिंग घालणं धोक्याचं.

आता हा हिशेब रस्त्यावर उतरवून पाहू. पुढच्या एका चाकावर गाडीचं ३५० किलो वजन आहे आणि तिथली स्प्रिंग मिलिमीटरला २५ न्यूटन अशी आहे, असं धरलं तर ती बाजू सेकंदाला साधारण १.३५ वेळा डोलायला पाहते. ताशी ८० किलोमीटरनं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे रस्त्यात दर साडेसोळा मीटरला लाट असेल, तर रस्ता गाडीला नेमक्या तिच्याच तालात झोके देतो. काळ्या मातीवरच्या रस्त्यात अशा लांबीच्या लाटा पडतातच. आता ३८ टक्के कडक स्प्रिंग घाला: डोलण्याचा वेग १.५८ वर जातो आणि तोच झोका ताशी ८० ऐवजी ९४ ला भेटतो. लाट गेली नाही, फक्त जास्त वेगावर जाऊन बसली. तिला मारायचं असेल तर शॉकअपच हवा, आणि तोही त्या स्प्रिंगला जुळणारा. स्प्रिंग कडक केली की ती सुटताना जास्त जोरानं उसळते. जुन्या शॉकअपला ती उसळी आवरत नाही.

शॉकअपमध्ये दोन घराणी आहेत. दुहेरी नळीचा शॉकअप मऊ, स्वस्त आणि बाहेरून दगड लागला तरी तग धरणारा, कारण पिस्टन आतल्या नळीत चालतो. एकेरी नळीत पिस्टन थेट बाहेरच्या नळीला घासत चालतो आणि तेलामागे बऱ्याच दाबाखाली वायू असतो. त्यामुळे सलग खराब रस्त्यावर तेल तापलं तरी त्याला फेस येत नाही, आणि नळी थेट हवेला लागून असल्यानं उष्णता लवकर निघते. जर्मनीच्या बिल्स्टाइननं १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझसाठी हा प्रकार कारखान्यातून बसवून दिला. कुरुंद्याहून नांदेडपर्यंत मध्यम वेगानं ये-जा करणाऱ्यासाठी चांगल्या कंपनीचा दुहेरी नळीचा शॉकअप पुरेसा आहे. भरल्या गाडीनं, तापल्या रस्त्यावर, तासन्‌तास वेग धरणाऱ्यानं एकेरीचा खर्च करावा. मात्र एकेरी नळीला दगडाचा खोल पोचा पडला तर पिस्टन अडकतो, हेही लक्षात असू द्यावं.

बिल्स्टाइनच्याच यादीत बी६ आणि बी८ असे दोन शॉकअप शेजारी दिसतात. बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आहे, तर बी८ आखूड दांड्याचा, खाली बसवलेल्या गाडीसाठी. स्पोर्टी म्हटलं की हात बी८ आणि आखूड स्प्रिंगकडे जातो. फोटोत गाडी झकास दिसते. इथे मात्र गतिरोधक आडवा येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, दहा सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. ऑक्टाव्हियाच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे २.७ मीटर. दोन्ही चाकं त्या गोलाईवर असताना पोटाखाली जेमतेम साडेपाच सेंटिमीटर उंचवटा येतो. असा गतिरोधक खाली बसवलेली गाडीही पार करेल. पण गावाच्या तोंडाशी लोकांनी स्वतः घातलेला, हातभर रुंद पण उंच गतिरोधक सगळाच्या सगळा पोटाखाली येतो. शिवाय डिकीत हळदीची दोन पोती, म्हणजे शंभर किलो. मागच्या दोन्ही बाजू मिळून मिलिमीटरला ५० न्यूटन धरले तर गाडी तिथेच आणखी वीस मिलिमीटर बसते. तीस मिलिमीटर आखूड स्प्रिंगचं इथे काही काम नाही. मूळ उंचीची स्प्रिंग, गरज असेल तर मागे किंचित कडक, आणि तिच्या जोडीला नियंत्रण ताठ ठेवणारा शॉकअप: कुरुंद्यात वेगानं चालवायच्या गाडीला हेच साजतं. मूळ मापाचे भाग बसवणं कायद्याच्या नजरेतही दुरुस्तीत मोडतं. उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

मागवताना गाडीचं नुसतं नाव सांगून भागत नाही. भारतातल्या तिसऱ्या पिढीत १.८ टीएसआयला मागे मल्टिलिंक आहे, तर १.४ टीएसआयला साधी पिळली जाणारी दांडी, म्हणजे टॉर्शन बीम. पुढचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसह शॉकअप, जिथे चाकाच्या नकलमध्ये (स्टिअरिंग नकल) बसतो तिथला व्यासही या जातीच्या गाड्यांत कुठे ५० तर कुठे ५५ मिलिमीटर असतो. कॅलिपरनं मोजूनच ऑर्डर द्यावी. डिकीत स्टेपनीखालच्या स्टिकरवर गाडीचे कोड असतात, त्यावरून कारखान्यानं कोणत्या वजनाची स्प्रिंग घातली ते निघतं. स्प्रिंगवरचे रंगाचे पट्टे तीच गोष्ट सांगतात, फक्त ते चिखलाखाली असतात. महाराष्ट्राला शॉकअप बनवणं नवं नाही, गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून या धंद्यात आहे. तरी ऑक्टाव्हियाचा स्ट्रट तालुक्याच्या दुकानात सहसा फळीवर नसतो. चुकीचा आला की गाडी जॅकवरच अडकते.

बरोबरीनं छोटे भाग बदलायचे: वरचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बम्प स्टॉप, धुळीचं कव्हर. नव्या शॉकअपवर फाटकं कव्हर ठेवलं तर रस्त्याची बारीक धूळ दांड्याला घासते आणि सील लवकर जातं. स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा आवळायचा. दबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो, तिथे घाई नको. स्प्रिंगचं टोक बशीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. आणि कंट्रोल आर्मचे बोल्ट शेवटी, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर कसायचे. हवेत लटकत्या अवस्थेत कसले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. हे एवढंसं काम बहुतेक ठिकाणी चुकतं.

नवी स्प्रिंग काही दिवस चालल्यावर थोडी बसते. म्हणून टेपचं माप तेव्हा पुन्हा घ्यायचं, आणि पक्कं अलाइनमेंटही त्यानंतरच करायचं. त्याच फेरीत, डिकीत नेहमीचं ओझं ठेवून, हेडलाइटचा झोतही तपासून घ्यायचा. मागची बाजू उठली किंवा बसली की झोत खाली-वर सरकतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यांवर तो जाऊ नये.