उरलं ते पुरलं

ताज्या भाकरीचा कुस्करा कधी नीट होत नाही. तव्यावरून नुकतीच उतरलेली ज्वारीची भाकरी चुरायला घेतली की तिचा लगदा होतो आणि फोडणीत पडल्यावर ती कढईला धरून बसते. तीच भाकरी रात्रभर दुरडीत राहिली की आतला ओलावा उतरतो, शिजलेलं स्टार्च गार होताना घट्ट होतं आणि सकाळी तिचा दाणेदार चुरा पडतो. मग मोहरी, हिंग, भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, पाण्याचा एक हबका आणि झाकण ठेवून वाफ. फोडणीच्या पोळीचं आणि फोडणीच्या भाताचंही असंच. गरम भाताला फोडणी देऊ पाहणाऱ्याच्या नशिबी खिचडी येते. (भाताबाबत एक सावधगिरी: उन्हाळ्यात ओट्यावर रात्रभर राहिलेला भात पोटाला बाधू शकतो आणि परत गरम केल्याने ती बाधा जातेच असं नाही. भात निवला की लगेच फ्रिजमध्ये ठेवावा.)

भाकरीचं पुराण आधी लावलं, कारण मराठी घरातल्या काटकसरीविषयी लिहिताना सूर हमखास चुकतो. एक तर गहिवर, नाही तर कीव. ‘आमच्या आजीने कधी काही टाकलं नाही’ असं म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे फक्त तिची ओढगस्त असते. ओढगस्त होतीच. पण तिच्या जोडीला पारखही होती. कुठली वस्तू कधी कशासाठी तयार होते, हे तिला ठाऊक होतं. आंबट झालेलं ताक प्यायला नकोसं वाटतं, कढीला मात्र तेच हवं. नवं कापड दुपट्याला टोचतं. पन्नास धुण्यांतून गेलेलं लुगडं तान्ह्या बाळाच्या अंगाला सोसतं. यात दुधाची तहान ताकावर भागवणं कुठेच नाही. त्या कामासाठी ती वस्तू तेव्हाच खरी लायक झालेली असते.

सणाच्या पानातसुद्धा हे दिसतं. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचं पाणी काढावं लागतं, नाही तर पुरण सैल होतं. ते पाणी म्हणजे कट. त्यात चिंच, गूळ, भाजलेलं खोबरं आणि गोडा मसाला पडला की कटाची आमटी होते, आणि पुष्कळ घरांत पोळीपेक्षा तिचंच कौतुक जास्त. लोणी कढवून तूप झालं की तळाशी उरते बेरी. तिच्यात साखर घालून ती खाण्यासाठी मुलांची भांडणं होत. दोडक्याच्या शिरा काढल्याशिवाय भाजी चांगली होत नाही, म्हणून त्या शिरा तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लसूण, मीठ घालून चटणी. दुधीची साल, कोबीचा दांडा, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या यांचीही अशीच सोय ठरलेली. भाजी एक, पानात पदार्थ दोन.

या हिशेबाचा कळस म्हणजे कुरडई. गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं. मग तो वाटून, फडक्यातून गाळून चीक काढायचा. चीक रात्रभर ठेवला की जड भाग तळाशी बसतो. वरचं पाणी सकाळी अलगद ओतून टाकायचं. उरलेला चीक मीठ घालून शिजवताना हात थांबून चालत नाही, गुठळी झाली की सोऱ्यात अडकते. मे महिन्याच्या उन्हात, गच्चीवर, जुन्या धुतलेल्या साडीवर कुरडया पडतात आणि वर्षभराची बेगमी होते. पण त्याआधी त्या शिजलेल्या चिकाची एक वाटी घरातल्या प्रत्येकाच्या हातात गेलेली असते, कोणाला साखर-दूध घालून, कोणाला तेल-तिखट घालून. आणि फडक्यात राहिलेला चोथा? त्यात तिखट-मीठ घालून भुसवड्या. गव्हाच्या एका दाण्याचे तीन पदार्थ होतात आणि साडी पुन्हा धुऊन घडी घालून ठेवली जाते.

कोकणात हीच वृत्ती झाडांच्या रूपाने भेटते. रातांब्याच्या सालीचं आमसूल, रसाचं आगळ, आणि बियांपासून काढलेलं, गार झाल्यावर थिजणारं कोकमतेल, जे थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात. नारळाचं विचारूच नका: सोडणाचा सुंभ, करवंटीचा डाव, झावळ्यांचे झाप, हिरांचा खराटा.

हे सगळं छापील पाकशास्त्रात उशिरा आणि थोडंथोडकंच आलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 सालचं, हजार पाकक्रियांचं, सुखवस्तू घरासाठी लिहिलेलं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ची. तिचा मोठा गुण वाटी-चमच्याच्या मापात आहे, असं मला वाटतं. तराजू न लागणारं माप म्हणजे नव्याने संसार मांडणाऱ्या, आईपासून लांब शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला दिलेला आधार होता. तरीही उरल्यासुरल्याचं शास्त्र तोंडीच राहिलं, कारण त्याला माप देता येत नाही. काल किती उरलं यावर आजची कृती ठरते.

इथे एक भेद करायला हवा. काटकसर निराळी आणि टंचाई निराळी. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रेशनवरचा अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला, दुष्काळी कामांवरच्या मुलांनी सुकडी खाल्ली. त्या मिलोच्या भाकरीची आठवण सांगताना आजही म्हातारी माणसं तोंड वाकडं करतात. घरात काहीतरी असावं लागतं, तेव्हाच ते पुरवून पुरवून वापरता येतं. रिकाम्या डब्यासमोर कोणाची हुशारी चालत नाही. म्हणून ‘पूर्वीची माणसं थोडक्यात सुखी होती’ हे वाक्य ऐकलं की मी विषय बदलते.

आता कापडाकडे. गोधडी, आमच्या पश्चिम महाराष्ट्राकडे वाकळ, ही या साऱ्या कलेची राणी. वर-खाली नऊवारी लुगडी, मध्ये विरलेली धोतरं, साड्या, सदऱ्यांचे तुकडे यांचे थर. ते जमिनीवर पसरून चारी बाजूंनी ताणायचे, मोठ्या टाक्यांनी कच्चे बांधायचे आणि मग कडेपासून आत-आत धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. उलट निघालं तर कापड फुगून कडेला चुण्या पडतात. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. इथे टाका शोभेसाठी नसतो, विरलेल्या कापडाचा भार दोऱ्याने उचलायचा असतो. रंगांची जुळणी मात्र करणारणीच्या मर्जीची, आणि तिथे ती मनमुराद खेळते. गीता खंडेलवाल यांनी या गोधड्यांवर अख्खं पुस्तक केलं, तेव्हा शहरी लोकांना त्यांतलं चित्र दिसलं.

ही परंपरा आळसाने मोडली असं समजणं अन्यायाचं होईल. तिला मोठा धक्का कापडानेच दिला. नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्या, त्या फाटेनात, विरेनात, मऊ पडेनात. घाम न शोषणारी, अंगावरून घसरणारी गोधडी कोण पांघरणार? सुती लुगड्याला म्हातारपण होतं, म्हणून पुढचा जन्म होता. पॉलिस्टरच्या साडीला दोन्ही नाही. अशा साड्या बोहारणीच्या गाठोड्यात गेल्या आणि बदल्यात स्टीलची पातेली आली. दारातली ती घासाघीस म्हणजे अर्थशास्त्राचा उत्तम तास होता. जरीची साडी, पँट आणि एक स्वेटर यांवर एक डबा, आणि झाकणासाठी आणखी एक शर्ट! बोहारीण ते कपडे दुरुस्त करून जुन्या बाजारात विकायची. म्हणजे तिथेही काही वाया जात नव्हतंच, फक्त ते काम आपल्या घरातून तिच्या घरात गेलं.

लोकरीचं गणित सोपं होतं. मूल वाढलं की स्वेटर उसवायचा, लोकरीची लड करून धुवायची, वजन बांधून टांगायची, म्हणजे तिच्यातले जुन्या टाक्यांचे वेढे सरळ होतात. मग दुसऱ्या रंगाची पट्टी घालून मोठा स्वेटर. हाताच्या कामाचं जाहीर प्रदर्शन मात्र लग्नातल्या रुखवतात. सुपारीची भटजी-मंडळी, शेवयांची झोपडी, हातरुमालांचे पक्षी. चेष्टा खूप झाली त्याची, थोडी रास्तही होती. पण गावातल्या मुलीने केलेलं काम चार लोकांसमोर मांडलं जाण्याची तेवढीच एक जागा होती. आता रुखवत ऑर्डर देऊन तयार मिळतं, आणि ते बघायला कोणी थांबत नाही.

टाकाऊ वस्तूंना शाळेत मान मिळवून दिला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवताना परदेशी धर्तीची महागडी साधनं परवडणारी नव्हती; बिया, पानं, शिंपले, खडे यांवर मुलं मोजायला, रंग ओळखायला शिकली. पुढे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब यांतून भूमिती उभी केली. मोडलं तर रडू येत नाही, हा या खेळण्यांचा सर्वांत मोठा गुण. महागडं खेळणं मूल उघडून बघायला धजत नाही.

एवढं कौतुक झाल्यावर बिल कोणाच्या नावावर फाटत होतं, हेही सांगायला हवं. गोधडीला कापड फुकट होतं, दुपारी फुकट नव्हत्या. कुरडईतले तीन दिवस, शिरा सोलण्यातली बोटं, उसवण्यातले डोळे, सगळे बाईचे, आणि घरच्या जमाखर्चात त्यांची ओळ नव्हती. 1959 मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्या घटनेचं मोल मला पापडापेक्षा यात वाटतं की, ज्या लाटण्याला घरात दाम नव्हता त्याला तिथे रोजची मजुरी मिळाली आणि लाटणारी मालकीणही झाली.

आज गोधडी दुकानात हजारांच्या भावाने मिळते. शिवणाऱ्या बाईला त्यातलं किती पोचतं, हे विकत घेताना विचारावं. नीट उत्तर देणारे गटही आहेत. ‘टाकाऊतून टिकाऊ’ नावाची किट मिळतात, त्यांतल्या गोंदाची, चमकीची, फोमची किंमत आकाशकंदिलाला लागणाऱ्या कामट्या, पतंगी कागद आणि मैद्याची खळ यांच्या कितीतरी पट. हा छंद आहे, खुशाल करावा, त्याला काटकसर म्हणू नये. उलट 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर जुन्या पँटच्या पायाच्या पिशव्या पुन्हा बाजारात दिसू लागल्या, त्या खऱ्या कामाच्या. शिवायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास घरातल्या पुरुषालाही देता येतो. खालची शिवण दुहेरी घालावी, बंद पिशवीच्या तळापर्यंत नेऊन शिवावेत. नुसते तोंडाशी टाचलेले बंद चार किलो बटाट्यांना टिकत नाहीत.